गच्चीवरची टाकी आणि रजेवरचा वॉचमन

जुलै लागला की या सदराची पेटी सर्दी-खोकल्यानं भरते, हे आता मला पाठ झालंय. पण या वेळी जवळजवळ प्रत्येक पत्रात झिंक आहे, आणि झिंकच्या मागोमाग व्हिटॅमिन ए. बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेईन, आज हेच. आणि हो, मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, निम्मे लोक मला डॉक्टरच लिहितात म्हणून एकदा सांगून ठेवते.

प्रश्न: ताई, मुलगा साडेचार वर्षांचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून नाक वाहायचं थांबलेलंच नाही, बरं होतंय म्हणेपर्यंत परत. मागच्या आठवड्यात ताप 101 होता तेव्हाच लॅबच्या माणसाला घरी बोलावून ते मोठं पॅकेज करून घेतलं, त्यात झिंक 58 आलं आणि व्हिटॅमिन ए पण रेषेच्या जरा खाली. नवरा म्हणतो दोन्हीची सिरप आजच आण. सासूबाई म्हणतात कॉडलिव्हर ऑइल दे, आमच्या वेळी तेच द्यायचे. मी मधल्यामध्ये अडकलेय. (वारजे)

उत्तर: आधी तारीख बघू. ताप 101 होता आणि त्याच दिवशी रक्त दिलं, मग त्या दोन्ही आकड्यांवर मी तरी काही ठरवणार नाही. लहान मुलांचं झिंक साधारण 65 च्या खाली आलं की कमी म्हणतात, त्या हिशोबानं 58 कमीच आहे, पण अंगात इन्फेक्शन असलं की शरीर स्वतःच रक्तातलं झिंक उचलून लिव्हरमध्ये नेऊन ठेवतं, जंतूंनाही झिंक लागतंच ना, त्यांच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं. आणि व्हिटॅमिन ए रक्तातून वाहून नेणारं जे प्रोटीन असतं ते बनवणं लिव्हर त्या दिवसांत कमी करतं. म्हणजे साठा व्यवस्थित असला तरी तापात काढलेल्या रिपोर्टात 'लो' येऊ शकतं. तपासायचंच असेल तर पोरगं पूर्ण बरं झाल्यावर तीन-चार आठवडे जाऊ द्या, सकाळी रक्त द्या, आणि सोबत सीआरपी करायला सांगा म्हणजे अंगात सूज किंवा इन्फेक्शन उरलंय का तेही कळेल. पॅकेज विकणारे हे सांगत नाहीत कारण त्यांचं पॅकेज ताप असतानाच खपतं.

आता हे दोघं अंगात करतात काय ते सांगते, म्हणजे नवऱ्याला समजवायला बरं. व्हिटॅमिन ए नाक, घसा, छाती, आतडं, डोळा यांचं आतलं अस्तर ओलसर आणि धड ठेवतं. ते फार कमी पडलं की हे अस्तर कोरडं पडतं, कातडीसारखं होतं, चिकट स्राव आटतो आणि जंतूला आत शिरायला वाट मिळते. झिंकचं काम त्याच्या आतल्या बाजूला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तयार होतात, आणि त्या ग्रंथीचं थायम्युलिन हे हार्मोन झिंक जोडलेलं असल्याशिवाय कामच करत नाही. शिवाय इन्फेक्शन आलं की पांढऱ्या पेशींना भराभर दुप्पट-चौपट व्हावं लागतं, त्या प्रत्येक फेरीत झिंक लागतं.

दोघांच्या स्वभावात मात्र मोठा फरक आहे. आपल्या सोसायटीचंच घ्या. व्हिटॅमिन ए म्हणजे गच्चीवरची टाकी, नीट खाणाऱ्याच्या लिव्हरमध्ये महिनोन्महिने पुरेल एवढा साठा असतो. झिंकला टाकीच नाही, महापालिकेचं पाणी येईल तेवढंच नळाला. तुमच्या-माझ्या अंगात सगळं मिळून दोनेक ग्रॅम झिंक असतं पण ते हाडांत, स्नायूंत कामाला लावलेलं, अडीअडचणीला म्हणून बाजूला काढलेलं नाही. आणि गंमत पुढे आहे. टाकीतून व्हिटॅमिन ए खाली आणणारं ते मघाचं प्रोटीन बनवायला लिव्हरला झिंक लागतं. म्हणजे टाकी वर काठोकाठ भरलेली, पण कॉक उघडणारा वॉचमन रजेवर. लिव्हर खराब झालेल्या काही पेशंटचा रातांधळेपणा नुसतं ए देऊन जात नाही, झिंक दिल्यावर जातो, तो यामुळेच. डोळ्यातसुद्धा ए वापरात आणणारं एन्झाइम झिंकवर चालतं.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर नवीन नवीन शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला आठ-दहा सर्द्या होणं यात काही बिघाड नाही, एका वर्गात तीस नाकं असतात. वजन वाढतंय का, दोन आजारांच्या मधे मूल खेळतंय-खातंय का हे बघा. न्यूमोनिया परत परत होत असेल, कान सारखा फुटत असेल, जुलाब लांबत असतील किंवा संध्याकाळनंतर मूल अडखळत असेल, डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे लगेच.

सासूबाईंचं अगदीच चुकीचं नाही हो. कॉडलिव्हर ऑइलमध्ये ए आणि डी दोन्ही असतं. पण त्यांच्या वेळी फक्त तेच असायचं, आता सहा महिन्यांनी मिळणारा सरकारी डोस, टोन्ड दुधात घातलेलं ए, 'प्लस एफ' छाप असलेल्या तेलात घातलेलं ए, वर सिरप, वर कॉडलिव्हर. टाकी ओसंडून वाहिली की पाणी निदान गटारात जातं, लिव्हरमध्ये जास्तीचं ए तिथेच साचून त्रास देतं. एक काहीतरी, तेही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न: मॅडम मी मुळशी भागात अंगणवाडी सेविका आहे. दोन गोष्टी विचारायच्या. एक म्हणजे जुलाबाला आम्ही ओआरएस आणि झिंकच्या 14 गोळ्या देतो, पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आया गोळ्या बंद करतात, उरलेल्या डब्यात ठेवतात. त्यांना कसं पटवू? दुसरं, एका मुलीच्या वडिलांनी मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं की व्हिटॅमिन ए च्या डोसचा उपयोग होत नाही असं उत्तर प्रदेशात सिद्ध झालंय. ते खरं का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण आमच्या क्लिनिकपेक्षा हे काम तुमच्या हातून जास्त होतं.

गोळ्यांचं असं आहे. जुलाबाबरोबर अंगातलं झिंक बाहेर वाहून जातं, आणि आत्ताच म्हटलं तसं त्याला टाकी नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गोळ्या जुलाब लवकर आवरायला मदत करतात, पुढच्या गोळ्या वाहून गेलेलं भरून काढायला असतात. 14 दिवस पुरे केले तर पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब लागण्याचं प्रमाण कमी होतं, म्हणून ते 14. आयांना 'जुलाबाची गोळी' असं सांगूच नका, कारण मग जुलाब थांबले की गोळी थांबणारच, त्यांचं तरी काय चुकलं. 'अशक्तपणा भरून काढायची गोळी, जुलाबानंतर चालूच ठेवायची' असं सांगून बघा. सहा महिन्यांवरच्या बाळाला 20 मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमच्यात आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घेऊन त्यात विरघळवायची. तोंडात धातूसारखी चव येते म्हणून मुलं थुंकतात, गालाच्या बाजूनं थोडं थोडं सोडलं तर जातं. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आईच्याच हातानं रोज फुली मारून घ्या, माझ्या ओळखीच्या एक सेविका असं करतात, फुली राहिली की आईलाच चुकल्यासारखं वाटतं.

आता त्या वडिलांचं. त्यांनी वाचलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. इंडोनेशियात आचे भागातल्या 450 गावांत आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना सहा महिन्यांच्या अंतरानं ए चे मोठे डोस दिले, आणि 1986 मध्ये छापून आलं की डोस मिळालेल्या गावांत मुलांचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले. सॉमर मूळचे डोळ्यांचे डॉक्टर, ते गेले होते आंधळेपणा थांबवायला, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना संध्याकाळी दिसत नाही ती मुलं नुसती आंधळी होत नाहीयेत, गोवर-जुलाबात मरतायत. पुढे उत्तर प्रदेशात जवळजवळ 10 लाख मुलांवर चाचणी झाली, तिचे निकाल 2013 मध्ये आले, त्यात फरक जेमतेम 4 टक्के, म्हणजे योगायोगानंही येऊ शकेल इतका. यावर जाणकारांत वाद आहेत. डोस सगळ्यांपर्यंत खरंच पोचले का इथपासून. पण मला त्यातून दिसतं ते इतकंच की जिथे कमतरता खोल आणि गोवराची लस कमी तिथे डोसचा उपयोग फार मोठा, आणि जिथे मुलं आधीपेक्षा बरी खातात, लस मिळते, तिथे उपयोग कमी. 2016 ते 18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आपल्या देशातल्या 1 ते 4 वर्षांच्या मुलांत ए ची कमतरता 18 टक्के आणि झिंकची 19 टक्के निघाली. तुमच्या वस्तीतलं मूल त्या 18 मध्ये आहे का उरलेल्या 82 मध्ये, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. म्हणून नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 1 लाख युनिट, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख, असे 9 डोस चालू ठेवायचे. एखाद्याला उलटी होते, डोकं दुखतं, एक-दोन दिवसांत जातं, ते आधीच सांगून टाका म्हणजे गावभर चर्चा होत नाही.

आणि गोवर झालेलं मूल असेल तर तिथे वाद नाहीच. एक वर्षावरच्या मुलाला 2 लाख युनिट आज आणि 2 लाख उद्या, लहान बाळांना वयाप्रमाणे कमी, आणि हा डोस डॉक्टर देतील. गोवरात ए झपाट्यानं उतरतं, शिवाय आधीच्या आजारांची शरीराला झालेली ओळखसुद्धा गोवर पुसून टाकतो.

प्रश्न: आपला लेख वाचतो. वय 71. कोरोनापासून रोज झिंक 50 ची एक गोळी घेत आलो आहे, त्यावर मल्टिव्हिटॅमिनची एक वेगळी. एकदाही आजारी पडलो नाही. मुलगी म्हणते बंद करा. पाण्यात विरघळणारी वस्तू, जास्त झाली तर लघवीवाटे जाते, बिघडणार काय? अलीकडे पायाला मुंग्या येतात पण ते वयाचं असावं. (सदाशिव पेठ)

उत्तर: काका, मुलीचं ऐका. तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय ते पहिल्या ओळीत हवं होतं.

झिंक लघवीवाटे निघून जातं वगैरे तसं नाहीये. जास्त झिंक रोज आतड्यात आलं की तिथल्या पेशी एक प्रोटीन तयार करतात, त्याला झिंकपेक्षा तांबं जास्त घट्ट चिकटतं, आणि ते तांबं त्या पेशींबरोबरच गळून शौचावाटे जातं. असं महिनोन्महिने चाललं की अंगातलं तांबं उतरतं. तांबं उतरलं की हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशी कमी आणि हातापायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं. म्हणजे ज्या पांढऱ्या पेशींसाठी तुम्ही गोळी घेताय त्याच कमी होतात. मोठ्या माणसाला रोजची वरची मर्यादा 40 मिलिग्रॅम, तीही जेवणातलं धरून. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर बघा, 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट 61.8' असं असेल तर त्यात खरं झिंक 22.5 असतं, लेबलवर 'एलिमेंटल' शब्द शोधायचा. 50 ची गोळी जर एलिमेंटल 50 असेल तर तुमचं सत्तरच्या वर जातंय. मुंग्या बी-12 मुळे असू शकतात, शुगरमुळे असू शकतात, म्हणून या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे दोन्ही पाकिटं घेऊन जा, आणि बी-12, शुगर, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) याच्याबरोबर तांबं तपासायचं का ते विचारा.

तुम्हाला दोष देत नाही हो. 2020-21 मध्ये आम्हीही घेतली होती. मी एकदा सकाळी रिकाम्या पोटी घेऊन स्कूटर काढली आणि कर्वे रोडवर नळ स्टॉपच्या अलीकडे गाडी बाजूला लावून उभी राहिले, इतकी मळमळ. तेव्हा सगळा अंदाजच होता. नंतर अमेरिकेत कोरोनाच्या पेशंटना 50 मिलिग्रॅम झिंक देऊन पाहिलं, 2021 मध्ये ते छापून आलं, बरं व्हायला लागणाऱ्या दिवसांत म्हणावा असा फरक पडला नाही. साध्या सर्दीत झिंकच्या चघळायच्या गोळ्या सुरुवातीला घेतल्या तर एखाद-दोन दिवस कमी होऊ शकतात, पण सर्दी होऊच नये म्हणून वर्षभर घेण्याला फारसा आधार नाही. आणि नाकात मारायचा झिंकचा स्प्रे कोणी अमेरिकेतून आणून दिला तर नको म्हणा, वास कायमचा गेल्याच्या तक्रारी आल्या म्हणून तिथल्या औषध प्रशासनानं 2009 मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला होता.

वयाप्रमाणे खाणं कमी झालं की झिंक खरंच कमी पडतं, तो मुद्दा तुमचा बरोबर. पण तूट भरून काढणं वेगळं, आणि पाच वर्षं रोज 50 घेणं वेगळं.

प्रश्न: हाय ताई, मी कोथरूडला पीजीमध्ये राहतो, शुद्ध शाकाहारी, अंडंपण नाही. जिममधला एकजण म्हणाला शाकाहारी लोकांना झिंक मिळूच शकत नाही, पोळीमुळे तर असलेलं पण जातं. खरंय का?

उत्तर: तुझ्या जिमवाल्याला एक गोष्ट माहितीये, पुढची माहिती नाही. धान्य-कडधान्यांच्या सालीत फायटिक ॲसिड असतं, ते झिंकला धरून ठेवतं. ही भानगड जगाला कळली ती एका आपल्याच माणसामुळे. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्याला डॉक्टर होऊन अमेरिकेत शिकले, आणि इराणमध्ये शिराझला काम करत असताना त्यांच्यासमोर 21 वर्षांचा तरुण आला जो दिसायला दहा वर्षांचा वाटत होता. खाणं म्हणजे न आंबवलेली जाड रोटी, मांस जवळजवळ नाही, आणि माती खायची सवय. 1961 मध्ये त्यांनी अशा मुलांबद्दल लिहिलं, मग इजिप्तमध्ये झिंक देऊन पाहिलं तर वर्षाला 12 सेंटिमीटरच्या वर उंची वाढली. आणि तुझ्या प्रश्नापेक्षा मला यातलं वेगळंच लक्षात राहिलंय, की हे तरुण पंचविशीच्या आत कुठल्या ना कुठल्या इन्फेक्शननं जायचे. झिंक आणि प्रतिकारशक्तीचं नातं तिथून पुढे शोधलं गेलं.

पण ती माणसं त्या रोटीवरच जगत होती, तू नाहीस. मटकी, मूग भिजवून मोड आणले की फायटिक ॲसिड बरंच कमी होतं, आंबवलं तरी कमी होतं, म्हणजे इडली, आंबोळी, धिरड्याचं पीठ रात्रभर ठेवलेलं. आपल्या बायका हे आधीपासून करत आल्यात, चवीसाठी म्हणून. तीळ, कारळं, शेंगदाणे, काजू, भोपळ्याच्या बिया यात झिंक चांगलं. तिळात 100 ग्रॅमला सात-आठ मिलिग्रॅम असतं पण 100 ग्रॅम तीळ कोण खातंय, म्हणून तीळ-कारळ्याची चटणी रोज चमचा-दोन चमचे, बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, वर दही असं जमवायचं. पुरुषाला आपल्याकडे रोज 17 मिलिग्रॅम सांगितलंय, बाहेरच्या देशांपेक्षा जास्त, कारण आपलं जेवण धान्यावर असतं आणि त्यातलं शोषलं कमी जातं हे त्यात धरलंय.

आणि तुझ्या कोथरूडपासून दहा मिनिटांवर आघारकर संशोधन संस्था आहे (आगरकर रोडवर आघारकर, रिक्षावाले हमखास गोंधळतात), तिथे आपल्या शाकाहारी जेवणातलं झिंक किती शोषलं जातं यावर बरंच काम झालंय, आणि तिथल्याच एमएसीएस 4028 या गव्हाच्या वाणात किलोला 40 मिलिग्रॅमच्या आसपास झिंक आहे. पीजीच्या मावशींना तो गहू मागू नकोस, पण मटकीला मोड आणा एवढं सांगता येईल. मोड आलेली मटकी मंडईत तयारही मिळते.

प्रश्न: चौथा महिना चालू आहे. आई म्हणते रक्त वाढायला कलेजी खा, आठवड्यातून दोन-तीनदा. चालेल का? (हडपसर)

उत्तर: नको. कलेजीत लोह भरपूर असतं हे खरं, पण तयार व्हिटॅमिन ए इतकं असतं की एका छोट्या वाटीत काही दिवसांचं एकदम येतं, आणि पोटात बाळ असताना तयार ए रोज 10 हजार युनिटच्या वर गेलं तर बाळाच्या घडणीत दोष येण्याचा धोका असतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. लोहाच्या गोळ्या मिळतायत त्या घे, मटण-अंडी-पालेभाज्या चालतील. पिंपल्ससाठी रेटिनॉल, म्हणजे हेच तयार ए, असलेलं क्रीम लावत असशील तर तेही आत्ता बंद कर आणि तुझ्या डॉक्टरांना सांग. भाजीपाल्यातल्या ए ला ही भीती नाही, ते शरीर लागेल तसं बनवून घेतं.

प्रश्न: इम्युनिटीसाठी दोन महिने रोज सकाळी मोठा ग्लास गाजराचा ज्यूस पितेय. आता तळहात पिवळे-केशरी दिसतात, घरचे म्हणतात कावीळ झाली. घाबरलेय. (धायरी)

उत्तर: आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघ. पांढराशुभ्र असेल आणि लघवीचा रंग नेहमीचा असेल तर बहुतेक ही गाजराचीच करामत, रंगद्रव्य कातडीखाली साचतं. डोळे पिवळे असतील तर मात्र आजच डॉक्टर. गाजरातलं बीटा कॅरोटीन साधारण 12 भाग खाल्लं तर त्यातून 1 भाग ए बनतं, पुरेसं झालं की शरीर बनवणं कमी करतं, म्हणून ज्यूस दुप्पट केला तरी इम्युनिटी दुप्पट होत नाही, फक्त तळहात रंगतात. त्यातून ज्यूसमध्ये तेल नाही आणि हे तेला-तुपाशिवाय नीट शोषलं जात नाही, त्यापेक्षा फोडणी दिलेली कोशिंबीर किंवा तांबड्या भोपळ्याची भाजी, शेवग्याच्या पाल्याची भाजी बरी. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर त्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या अजिबात घेऊ नयेत, फिनलंडमध्ये 29 हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर पाहिलं तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट 18 टक्के जास्त निघाला. गाजर खाल्लं तर चालतं.

ज्यूस बंद केल्यावर काही आठवड्यांत रंग उतरेल. तोवर घरच्यांना हा अंक दाखव.